उत्तम, तू पुसलेले ठसे

उत्तम, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि मी घोटभर पाणी पिऊन खाली बसलो. विहारापुढच्या मांडवात सगळी वस्ती होती, गावातले निम्मेअर्धे लोक होते, वनखात्याचे दोघं गणवेशात आले होते. सगळ्यांना वाटलं, दिगंबरशेठला गहिवरून आलं. शेजारच्यानं पाठीवरून हातसुद्धा फिरवला. गहिवर होता हे खरं, पण मी बसलो तो त्यासाठी नाही. तोंड उघडलं असतं तर आधी एकच गोष्ट बाहेर पडली असती, आणि ती चारचौघांत सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून आता लिहितोय. कुणी वाचलं तर वाचू दे.

माझा स्वभाव तुला माहीत. खता-बियाण्यांचं दुकान चालवणारा माणूस मी. पोतं उतरलं की आधी काट्यावर. बियाणं आलं की मूठभर ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायची, मगच विकायला काढायचं. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून नखावर थेंब धरणारा आख्ख्या गावात मी एकटाच असेन. तू हसायचास. "दिगू, तुजा शक लई खादाड हाय. त्याला रोज कायतरी खायला लागतंय," म्हणायचास. मी म्हणायचो, फसण्यापेक्षा बरं.

आपल्या कामाची सुरुवातसुद्धा संशयातूनच झाली की. शाळेत आपण एका बाकावर होतो, पण सातवीनंतर तुझी शाळा सुटली, पुढं तू वनखात्याच्या रोजंदारीवर लागलास, मी दुकानात बसलो, आणि रामराम-जयभीमपुरतीच ओळख उरली. मग एका उन्हाळ्यात तू दुकानात आलास आणि संध्याकाळपुरता टेम्पो मागितलास. माळावरच्या हरणांसाठी सिमेंटची बशी केली आहे, तिच्यात पाणी टाकायचंय, म्हणालास. मला वाटलं, हरणांना कोण कशाला पाणी घालतंय, वाळू मारायचा बेत असणार. म्हणून लक्ष ठेवायला मी स्वतः सोबत आलो. पाण्याचा ड्रम उतरवला, तू बशी घासून धुतलीस, भरलीस, आणि मग पिशवीतून चाळणी काढून बशीभोवतीची माती चाळायला बसलास. घरून उचललेली कमलवहिनींची पिठाची चाळणी ती. मी डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला ओढूनच घेऊन गेलास. तरवडाच्या फांदीनं सारखी केलेली ती बारीक माती आता सगळी उमटली होती. हे हरणाचं खूर, पुढं टोकदार. हा नर, भारी हाय, खोल गेलाय. हे कोल्हं. आणि एका बाजूनं आलेली, सरळ रेषेत गेलेली एक ओळ. "ह्ये कुत्रं न्हाई. कुत्रं हुंगत हिंडतंय, इकडं तिकडं तोंड घालतंय. लांडगं बघ, कामावर निघाल्यासारखं सरळ जातंय," तू म्हणालास. मी वाकून बघत राहिलो. आयुष्यभर ज्या माळाला मी ओसाड म्हणत आलो, तिथं रात्रभर एवढी वर्दळ होती आणि मला पत्ता नव्हता. त्या सकाळी तू मला जे दिलंस, त्याबद्दल मी कधी साधं बरं वाटलं असंही म्हटलं नाही. आज म्हणतो.

पुढं दोन शिक्षक आले, पोस्टमन आला, कंपाउंडर आला, देगलूरला बाजार करणारा एक भुसारवाला आला. आपण सातजण झालो. उन्हाळ्यात पाणवठे भरायचे, वणवा अडवायला गवत कापून पट्टी काढायची, शिकाऱ्यांचे फासे शोधून मोडायचे. शिकवणारा तू, मिरवणारे आम्ही. अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडं आली. रोज सकाळी तू ठसे सांगायचास आणि मी तारखेवार लिहायचो: काय आलं, किती, कुठल्या बाजूनं, कुठं गेलं.

मग ते वर्ष आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. आपल्याकडं लोकांनी दारातल्या पाण्याच्या टाक्यांना कुलपं घातली होती. भाऊ भावाची टाकी वाजवून बघायचा. टँकरवाला कुणाच्या गल्लीत जास्त वेळ थांबतो यावरून भांडणं व्हायची. आणि त्या दिवसांत आपण टेम्पोत ड्रम भरून माळाकडं निघायचो. एकदा चावडीपाशी बायकांनी गाडी अडवली. "जनावराला पानी, अन् आमी काय धोंडं चाटावं का?" एकजण म्हणाली. मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू खाली उतरून अर्धा ड्रम त्यांच्या घागरींत ओतलास. उरलेला अर्धा माळावर नेला. त्यानंतर रोज तेच ठरलं. पण गावाचा संशय काही गेला नाही. पाण्याच्या नावाखाली ही माणसं माळावर काय करून राहिलीत, असंच सगळे बोलायचे.

त्यातच जिल्ह्याची आवई उठली. उदगीरचा जिल्हा होणार हे आपण लहानपणापासून ऐकतोय, पण त्या उन्हाळ्यात ते आता झालंच असं लोक बोलायला लागले. आपल्या माळाजवळून मोठा रस्ता जाणार, गायरानावर सरकारी कचेऱ्या येणार, असं कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलं होतं. जीपा यायला लागल्या. पांढऱ्या शर्टातली माणसं टेप धरून चालायची, दगडांना चुना लावायची. तहसीलला कोण गेलं, कुणाच्या गाडीत कोण बसलं, याची खबर संध्याकाळपर्यंत प्रत्येक ओट्यावर असायची. माळावर जनावरं आहेत असं कागदावर आलं, तर प्लॉट पाडणाऱ्यांचं जमणार नव्हतं. जनावरं नाहीतच असं ठरलं, तर रान मोकळं. म्हणजे सगळं येऊन आपल्या वहीवर थांबलं होतं. अर्जासोबत ती जोडायची, असं आपण सातजणांनी ठरवलं.

इथं आपलं भांडण सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही. वही मी दुकानाच्या गल्ल्यावर उघडी ठेवायचो. आल्यागेल्यानं बघावी, गावाला कळावं आपल्या माळावर काय काय आहे, असा माझा हेतू. खोटं कशाला बोलू, माझं अक्षर लोकांनी बघावं हासुद्धा होता. तू एकदा वही हातात घेऊन म्हणालास, "ही घरात ठेव की."

"कशाला? चोरी आहे का?"

"लिवल्यानं जनावर वाचत न्हाई, दिगू. कुनाला कळलं न्हाई तर वाचतंय."

"ज्याची नोंद नाही ते सरकारदरबारी नाहीच," मी म्हणालो. माझं वाक्य मलाच फार आवडलं होतं. तू वही मिटवून ठेवलीस. तू गेल्यावर मी ती पुन्हा उघडली आणि विचार करत बसलो. ह्याला वही लपवायची आहे. का बरं?

संशयाला सुरुवात एवढ्याशा गोष्टीतून होते. मग तो बाकीचं सगळं आपणच जमा करतो.

चैत्र सरत आला तेव्हा पूर्वेकडच्या ओढ्यात हिवाळ्यात व्यालेली लांडगीण होती. ठशांवरून तूच ओळखलंस. रोज एकाच वाटेनं पाण्यावर यायची आणि त्याच वाटेनं परत जायची. मी लिहिलं: लांडगा, मादी, पिलं असावीत, पूर्वेच्या ओढ्यातून. तीन दिवसांनी ती ओढ्याच्या काठावर मेलेली सापडली. तोंडाला फेस आला होता. जवळ मेंढीचं कोकरू पडलेलं, अर्धवट खाल्लेलं. तू तिच्याजवळ उकिडवा बसलास, कितीतरी वेळ उठला नाहीस. तिच्या अंगावरची कुसळं काढत होतास. मी उभा राहून तुझ्याकडं बघत होतो आणि मनात हिशेब चालला होता. वाट कुणाला माहीत होती? मला आणि उत्तमला. मी तर सांगितली नाही.

गल्ल्यावर उघडी पडलेली वही माझ्या डोक्यात आलीच नाही.

मग तुझ्यात मला एकेक दिसायला लागलं. तुझ्या भावानं गायरानावर दोन एकर वाहायला घेतलं होतं, मग तुला माळ राखण्यात काय रस? हे मी तुला आधीही विचारलं होतं, तेव्हा तू म्हणाला होतास, "हरन काय सातबारा मागून राहिलंय का? मावतील दोघं बी." त्या वेळी ते उत्तर मला पटलं होतं, आता ते पढवल्यासारखं वाटायला लागलं. मग कुणीतरी सांगितलं, उत्तम प्लॉटवाल्यांच्या जीपमध्ये दिसला. आणि रोज सकाळी पाणवठ्यावरची माती कोरी सापडायला लागली. हरणांचे ठसे असायचे, कोल्ह्याचे असायचे, लांडग्याचं नाव नाही. "आलं न्हाई वाटतं," तू म्हणायचास, माझ्याकडं न बघता.

एके दिवशी मी तुला न सांगता दिवस उगवायच्या आत गेलो. बोरीच्या झुडपामागून बघितलं. तू हातात तरवडाची फांदी घेऊन, मागं मागं सरकत, माती सारखी करत होतास. लांडग्याची ती सरळ ओळ तू पुसत होतास. एक मोठं जनावर होतं, आणि बाजूला दोन बारीक. मला ते एवढ्या लांबूनही ओळखू आलं, कारण तूच शिकवलं होतंस. मी तसाच परत आलो. समोर येऊन विचारलं नाही. मला विचारायची गरजच वाटली नाही, उत्तम, मला सगळं कळलंय असं वाटत होतं.

त्याच दिवशी मी वनखात्याच्या गार्डला गाठलं. "तक्रार नाही, पण उत्तमवर जरा लक्ष ठेवा. सकाळी ठसे पुसतो. प्लॉटवाल्यांत ऊठबस आहे." तीन वाक्यं. माझं नाव घेऊ नका, हे चौथं सांगायला विसरलो नाही.

पंधरवड्यात तुला सांगितलं गेलं, उद्यापासून येऊ नको. रोजंदारीतून कायम करायच्या मजुरांची यादी त्याच उन्हाळ्यात वर जाणार होती. सोळा वर्षं तू तिची वाट बघत होतास. तू दुकानात आलास, बाकावर बसलास. "दिगू, काम गेलं. सबब बी सांगितली न्हाई." आणि मी म्हणालो, "अरे, असं कसं? थांब, मी अर्ज लिहून देतो." लिहूनही दिला. तुझ्या सोळा वर्षांच्या इमानदारीबद्दल, माझ्या सुंदर अक्षरात. तू अंगठ्याला शाई लागेल म्हणून जपून सही केलीस आणि कागद घडी घालून खिशात ठेवलास.

तू बीदरकडं गवंड्याच्या हाताखाली गेलास. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस दुकानासमोर उभा. उन्हानं काळाठिक्कर पडलेला, हातांना सिमेंटच्या भेगा. मी गल्ल्यावरून उठलोसुद्धा नाही. तू म्हणालास, "टेम्पो कवा काढायचा? बशा कोरड्या पडल्या असत्याल." ना रोज, ना गणवेश. त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात तू दोन महिने गावी यायचास आणि फुकट पाणी भरायचास. मी तेव्हाही विचार केला, ह्याला यातून काय मिळत असेल?

उत्तर मला मारुतीअप्पानं दिलं. त्याच मोसमात मेंढ्या घेऊन जाताना तो दुकानासमोर टेकला होता. आता बोलायला हरकत नाही अशा थाटात म्हणाला, लांडगिणीला औषध त्यानंच घातलं होतं. त्याची कोकरं गेली होती. "वाट कशी सापडली तुला?" मी विचारलं. अप्पा हसला. "तुज्या वहीत की. पोराकडून वाचून घेतलं, पूर्वेच्या वढ्यातनं येतंय म्हनून. औषध बी तुज्याच दुकानातलं हाय." मग म्हणाला, नर आणि दोन पिलं राहिली होती, त्यांनाही घालणार होता, पण उत्तम आला. घरची गाभण शेळी दोरीला धरून आला आणि म्हणाला, ही घे, पर पुन्हा टाकू नगं.

आणि रोज सकाळी येऊन ठसे पुसत राहिला. अप्पापासून वाचवायला नाही. अप्पा तर शब्दाचा पक्का होता. माझ्या वहीपासून वाचवायला.

हे मला कळल्याला आता नऊ वर्षं होतील. वही मी त्याच रात्री घरात नेली. पण तुला एक शब्द बोललो नाही. आपण एकत्र पाणी भरलं, फासे काढले, वणव्यात एकाच फांदीनं आग झोडपली, माझ्या लेकीच्या लग्नात तू पंगतीत वाढलंस. दर खेपेला वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, ह्याला माहीत नसेल तर कशाला उकरा? आणि माहीत असेल तर हा गप्प का? कुठल्या दिवसासाठी राखून ठेवलंय ह्यानं? म्हणजे बघ, गुन्हा माझा आणि शक पुन्हा तुझ्यावरच. तू पाण्याचा ड्रम माझ्या हातात देताना जरा जास्त वेळ बघितलंस, की मी नजर चुकवून टेम्पोकडं वळायचो.

आणखी एक लिहितो, ते लिहिल्याशिवाय हे सगळं खोटं होईल. वाट सातही जणांना माहीत असू शकत होती. वही तर गल्ल्यावरच होती, गाव वाचत होतं. मारुतीअप्पाची कोकरं गेली हेही सगळ्यांना माहीत होतं. तरी मला तूच दिसलास. सात जणांत वस्तीतला तू एकटाच होतास, उत्तम. शाळेच्या बाकावर आपण शेजारी बसायचो, तेव्हा घरी गेल्यावर आजी माझ्या अंगावर पाणी शिंपडायची. ती बाई गेली, तिची पद्धत गेली असं मी समजत होतो. त्या उन्हाळ्यात माझ्या संशयाला तिनंच बोट धरून तुझ्या दारी नेलं असणार. तू हे कधी बोलला नाहीस. पण तू ठसे वाचणारा माणूस. तुला दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र अजून कळलेली नाही. त्या जीपमध्ये तू का बसला होतास? बघ, अजून विचारतोच आहे. खोड जात नाही. कदाचित त्यांनी वाटेत सोडलं असेल, कदाचित काही विचारायला बसवलं असेल, कदाचित तो तू नव्हतासच. राहू दे. तुला एक गोष्ट लपवायचा हक्क आहे.

जिल्हा काही झाला नाही. चुन्याचे दगड झिजून गेले. हरणं आहेत. आपला अर्ज कुठल्या कपाटात पडलाय देव जाणे, आणि लांडग्यांचं म्हणशील तर यंदाही पूर्वेच्या ओढ्यात आवाज ऐकलाय. वहीत लिहिलं नाही. यात जिंकलास तू, पण पूर्ण नाही. उद्या कुणी खरोखर यंत्रं घेऊन माळावर आलं, तर दाखवायला आपल्याकडं काय आहे? यावर तू काहीतरी बोलला असतास आणि मी उलटून बोललो असतो.

मांडवातून परत आलो आणि रात्री ताटावरून तसाच उठलो. काल तुझ्या घरी गेलो. कमलवहिनी ओसरीवर तूर पाखडत होत्या. मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, "वहिनी, उत्तमचं काम माझ्यामुळं गेलं. गार्डला मी सांगितलं होतं."

त्यांनी सूप थांबवलं नाही. "माहीत हाय, भाऊ. गार्डची बदली झाली तवा जाता जाता त्यानंच सांगितलं ह्यानला."

"कधी?"

"त्याच वर्सी. बीदरला जायच्या आधी."

म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात दुकानासमोर उभा राहून टेम्पो कधी काढायचा विचारलंस, तेव्हा तुला माहीत होतं. दहा वर्षं माहीत होतं. मी ओसरीच्या कडेला टेकलो. म्हणालो, "मग एकदा तरी विचारायचं होतं मला. शिव्या द्यायच्या, चार माणसांत आणायचं."

वहिनींनी आता सूप खाली ठेवलं. रडत नव्हत्या, दमलेल्या दिसत होत्या. "मी लई डाव म्हनलं, जावा, इचारून या. म्हनायचे, दिगू हाव म्हनला तर भांडू, मिटवू. पर तोंडावर न्हाई म्हनला, तर मंग त्याच्यासंगं माळावर कसं जाऊ? म्हनून न्हाई इचारलं."

मी घरी आलो, दुकान उघडलं नाही, आणि हे लिहायला बसलो. दुसऱ्या कुणाला नाही, तुला सांगतो. तू विचारलं असतंस, उत्तम, तर मी नाहीच म्हणालो असतो.